शेंगाचटणीच्या मुलुखगिरीची नियमावली

केवळ खाण्याच्या हेतूने सोलापुरास येणाऱ्या गृहस्थाने, मग तो पुण्याचा असो, मुंबईचा असो किंवा जेथे भाकरी ही आता हॉटेलातल्या ‘गावरान थाळी’ची शोभा म्हणून तेवढी उरली आहे अशा कोणत्याही प्रगत प्रांताचा असो, सिद्धेश्वर एक्सप्रेसमधून सकाळी उतरताच ‘इथे प्रसिद्ध काय आहे?’ हा प्रश्न आपल्या सामानातून काढून फलाटावरच ठेवून द्यावा. कारण तो ज्या कोणा सोलापूरकरास विचारला जाईल तो क्षणाचाही विलंब न लावता ‘चादर’ असे उत्तर देईल, आणि चादर कितीही टिकाऊ असली तरी ती दह्याबरोबर खाता येत नाही. आपण रोज जे जेवतो त्यात परगावच्या माणसाने रजा काढून येण्याजोगे काही आहे, याची वर्दी सोलापूरकरापर्यंत अद्याप पोहोचलेली नाही, आणि ती न पोहोचण्यातच खाणाऱ्याचे कल्याण आहे.

मोहिमेचा काळ जानेवारी हाच समजावा. या महिन्यात संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज मिरवतात, रानात हुरडा येतो आणि घराघरांत शेंगांची पोळी होते. मे महिन्यात येणाऱ्यास मनाई करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. परंतु त्या महिन्यातील ऊन सोसून जो दुपारी दोन वाजता झणझणीत खाईल, त्याने पुढील परिणामांची फिर्याद कोणाकडेही नेऊ नये.

संपूर्ण शहर एका दिवसात खाऊन टाकण्याची महत्त्वाकांक्षा धरू नये. एक पेठ निवडावी. सोलापुरातील पुष्कळ पेठांना आठवड्याच्या वारांची नावे आहेत, तथापि मंगळवार पेठेत जाण्यासाठी मंगळवारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही, हे नवख्या माणसाच्या माहितीसाठी नमूद करून ठेवतो. तेथे गेल्यावर भाषेची पंचाईत होईल असे प्रथमदर्शनी वाटते, कारण गल्ल्यावरचा मालक गिऱ्हाइकाशी मराठीत बोलता बोलता आतल्या माणसाशी कन्नडात बोलतो, शहराच्या पूर्व भागातून आलेल्या गिऱ्हाइकाशी तेलुगूत बोलतो, आणि दारात हातगाडी लावणाऱ्याची कानउघाडणी अस्सल दखनीत करतो. याने गांगरून जाऊ नये. दुसऱ्या भेटीत आपल्या नावामागे कोणी ‘बे’ लावला, ‘काय बे, आज पुन्हा?’ असे विचारले, तर तो अपमान समजून पोलीस चौकीकडे धाव घेऊ नये. ती या मुलुखात वावरण्याची सनद आहे आणि ती फी भरून मिळत नाही.

आता मुख्य कलमाकडे वळतो, ते शेंगाचटणीचे. मधल्या मारुतीच्या आसपास चटणीचे दुकान शोधण्यासाठी पाटी वाचण्याची आवश्यकता नाही. भाजल्या शेंगदाण्यांचा आणि लसणाचा वास ज्या दिशेने येईल त्या दिशेने पाय आपोआप वळतात. दुकानात शिरल्यावर ‘पाव किलो द्या’ असा हुकूम सोडणे हे अडाणीपणाचे लक्षण होय. आधी तळहात पुढे करावा. मालक डब्यातून चिमूटभर चटणी त्यावर ठेवील; ती लगेच तोंडात न टाकता बोटाने किंचित दाबून पाहावी. दाबताच गोळा धरणारी आणि तळहाताच्या रेषांत लालसर तेल सोडणारी चटणी ती खरी. कोरडी पूड होऊन बोटांतून गळणारी जी असेल ती मिक्सरमधली समजावी, कारण मिक्सरचे पाते दाण्याला कापते, तर उखळातला किंवा डंकावरचा घाव दाण्याला चेचतो, आणि चेचल्यावाचून दाणा आपल्या पोटातले तेल सोडीत नाही. दाणे, लसूण, जिरे, तिखट, मीठ एवढाच ऐवज. बाकी सर्व कर्तबगारी घावाची. बरणीत वरून तेल ओतून खोटा साक्षीदार उभा करणारेही आहेत, परंतु तळहातावरचा जाबजबाब खोटे बोलत नाही.

यानंतर मालक ‘मध्यम देऊ का तिखट?’ असे अत्यंत निर्विकार चेहऱ्याने विचारतो. प्रस्तुत लेखकाने तरुणपणी, शेजारी दोन अनोळखी माणसे उभी होती एवढ्याच कारणावरून, छाती पुढे काढून ‘तिखट’ असे उत्तर दिले होते, आणि तेवढ्यावर न थांबता तो पुडा कागदासकट आपल्या बॅगेत शुभ्र सदऱ्यांच्या मधोमध ठेवला होता. पहिल्या चुकीची शिक्षा त्याच रात्री संपली. दुसरीच्या खुणा चार सदऱ्यांवर पुढे कैक वर्षे होत्या. सबब वाचकाने ‘मध्यम’ म्हणावे, आणि डबा घरून आणावा.

चटणीचे हे वर्णन कडक भाकरीवाचून अपुरे, किंबहुना निराधार आहे. ज्वारी मंगळवेढ्याकडची असल्यास उत्तम. तेथील मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनाचा सरकारी शिक्काही मिळाला, जणू त्याआधी ती चोरून पिकत होती. भाकरी थापावी तर कागदासारखी पातळ, तव्यावर शेकावी आणि मग विस्तवाच्या कडेला उभी करून तिच्यातला पाण्याचा शेवटचा अंश निघून जाईपर्यंत राहू द्यावी, अशी ही पद्धत. ओट्यावर चवड लावून विकायला बसलेल्या एका मावशींना मी एकदा, शहरी सौजन्याने, ‘मावशी, यातली जरा मऊ नाही का?’ असे विचारले. त्यांनी माझ्याकडे, माझ्या चपलांकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले. ‘मऊ भाकर आजच्यापुरती असती. ही पंधरा दिस चालती. तुम्ही किती दिस ऱ्हाणार?’

या उत्तरात सोलापूरच्या अन्नाचा सारा इतिहास आला, असे माझे मत आहे. हे जेवण पाहुण्यासाठी निर्माण झालेले नसून ज्याला जेवायला वेळ नाही अशा माणसासाठी झालेले आहे: आधी दुष्काळी रानात कोसभर चालून जाणाऱ्या कुणब्यासाठी, आणि मग १८७७ साली, आज ‘जुनी मिल’ म्हणतात ती गिरणी उभी राहिल्यावर भोंग्याच्या हाकेसरशी घर सोडणाऱ्या गिरणी कामगारासाठी. ते गरम करावे लागत नाही, विटत नाही, फडक्यात मावते आणि सुट्टीच्या अर्ध्या तासात पोट भरते. गिरण्यांची धुराडी थंडावली, भोंगे मुके झाले, भाकरी तेवढी राहिली. म्हणून जो मनुष्य पंख्याखाली बसून, एक पाय दुसऱ्यावर टाकून ती खातो त्याने निदान एवढा मुलाहिजा राखावा की सुरी-काटा मागू नये. भाकरी दोन्ही हातांनी मोडावी. ती मोडताना जो ‘टक्’ असा आवाज होतो तो पुरेसा मोठा नसेल तर भाकरी परत करण्याचा हक्क खाणाऱ्यास आहे. चटणीत बोटाने आळे करून त्यात दही किंवा करडईचे तेल घालावे, तुकडा त्यात बुडवावा, आणि तोंडात घास असेतो संभाषण स्थगित ठेवावे, कारण स्वतःच्याच चर्वणाच्या नादात समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही.

पूर्व भागात जायचे ते सकाळी. मागांचा खटखटाट ज्या गल्लीत ऐकू येतो तेथे पिढ्यान्पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची वस्ती आहे, आणि तिची खरी पाककला हॉटेलात नसून घरात आहे. संक्रांतीच्या सुमारास तेथे स्त्रिया जमिनीवर स्वच्छ कापड अंथरून तांदळाच्या पिठात तीळ-ओवा मिसळून, केवळ बोटांच्या पिळाने त्याची वर्तुळे त्या कापडावर गुंफीत बसतात. त्यांस सकिनालू म्हणतात. त्यांना पाहून ‘वा, चकली!’ असे उद्गार काढणारा मनुष्य त्या घरात पुन्हा बोलावला जात नाही.

सायंकाळी विजापूर वेशीकडे निखाऱ्यांवर शीक भाजतात. सामिष वाचकास त्याचे वर्णन ऐकवणे व्यर्थ, आणि निरामिष वाचकास ते ऐकवणे क्रूरपणाचे. धूर मात्र दोघांनाही सारखाच मिळतो, आणि त्याबद्दल पैसे घेत नाहीत. पार्क चौकाकडील चौपाटीवर भेळ, पावभाजी वगैरे मिळते. तेथे जाऊ नये असे नाही. परंतु त्यासाठी सोलापुरापर्यंत येण्याचे श्रम घेतले नसते तरी चालले असते.

ही कलमे बिनचूक पाळली जातील अशा भ्रमात मी नाही. ज्या नगराने मे १९३० मध्ये सुरू झालेल्या मार्शल लॉच्या फर्मानांपुढेही मान तुकवली नाही, ते एका खवय्याच्या नियमावलीस काय भीक घालणार! एकच ताकीद मात्र गंभीरपणे देतो. परतीची सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री उशिरा सुटते, आणि पेठेतली दुकाने त्याच्या पुष्कळ आधी फळ्या लावतात. तेव्हा चटणी दुपारीच घेऊन ठेवावी, आणि घ्यायची ती पाव किलो घेऊ नये.