विनोद न कळण्याचा सुलभ अभ्यासक्रम

विनोद कसा करावा हे शिकवणारे पुष्कळ आहेत. तो कसा कळू देऊ नये, हे मात्र आजवर कुणी पद्धतशीर शिकवलेले नाही. ते ज्याच्या त्याच्या उपजत गुणांवर सोडून दिले आहे. परिणाम असा होतो, की भावना दुखावून घ्यायला घरातून चांगला गंभीर निघालेला माणूस कोपऱ्यावर पोचेपर्यंत फिस्सकन हसतो, आणि मग निवेदन कसले नि मोर्चा कसला! समाजाची ही गैरसोय दूर व्हावी म्हणून हा अभ्यासक्रम. उपरोध, विडंबन, बातमीच्या थाटात मारलेली कोपरखळी, काहीही समोर आले तरी चेहऱ्यावरची रेषा हलू नये, एवढी तयारी यातून नक्की होईल.

माझा अधिकार विचाराल तर तो घरचाच आहे. आमचे थोरले मेव्हणे या विद्येत मुरलेले. मागच्या पावसाळ्यात त्यांनी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक बातमी टाकली: शहरातल्या जुन्या खड्ड्यांना वारसा दर्जा मिळणार, बुजवणाऱ्याला दंड. खाली त्यांची स्वतःची ओळ, 'चला, कुणीतरी लक्ष घातलं.' मी वेगळा निरोप पाठवून कळवले, दादा, ही गंमत आहे. अर्ध्या तासाने उत्तर आले, 'बातमी खोटी असेल हो दाजी, पण खड्डे तर खरे आहेत ना?'

मी गप्प बसलो. हा युक्तिवाद मेव्हण्यांचा एकट्याचा नाही, त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. अमेरिकेत 1988 साली मॅडिसन नावाच्या गावी 'द अनियन' नावाचे पत्र निघाले. नावच कांदा, सोलत जा, आत बातमी सापडत नाही. 2012 साली त्यांनी एक पाहणी छापली, की खेड्यापाड्यांतल्या गोऱ्या अमेरिकन मतदारांना ओबामांपेक्षा इराणचे अहमदीनेजाद बरे वाटतात. इराणच्या फार्स वृत्तसंस्थेने ती उचलून आपली म्हणून दिली. पुढे बिंग फुटल्यावर माफी मागितली, पण माफीतच जोडून दिले, की चूक झाली हे खरे, तरी अमेरिकेत मोकळेपणाने कौल घेतला तर बहुसंख्य लोक ओबामांपेक्षा बाहेरचा कुणीही पसंत करतील अशी आमची खात्री आहे. थोडक्यात, बातमी खोटी असेल हो दाजी.

तर पहिला पाठ हा, की बातमी कुणी छापली ते पाहू नये. आपल्याला पटते आहे ना, मग पुरे. 2002 साली बीजिंगच्या सायंदैनिकाने याच कांद्यातली एक पाकळी उचलली: अमेरिकेच्या काँग्रेसने धमकी दिली आहे, की उघडझाप होणाऱ्या घुमटाची नवी इमारत बांधून द्या, नाहीतर आम्ही वॉशिंग्टन सोडून दुसऱ्या शहरात जातो. क्रीडासंघांचे मालक स्टेडियमसाठी शहरांना अशाच धमक्या देतात, ही त्यातली मेख. घुमटाच्या चित्रासकट बातमी छापून आली. नंतर खुलासा करताना पत्राने सुनावले, की अमेरिकेतली काही छोटी वर्तमानपत्रे पैशासाठी लोकांना फसवतात. दहा वर्षांनी त्याच शहरातल्या 'पीपल्स डेली'च्या संकेतस्थळाने उत्तर कोरियाचे किम जोंग उन हे जगातले सर्वांत मादक पुरुष ठरल्याची 'अनियन'ची बातमी खरी धरली आणि सोबत त्यांची 55 छायाचित्रे लावली. 55! आपल्याकडे साखरपुड्याच्या अल्बमलाही इतके लागत नाहीत. 'अनियन'ने मग आपल्या मूळ बातमीत भर घातली, की अधिक माहितीसाठी आमच्या चीनमधल्या साम्यवादी शाखेकडे पाहावे.

दुसरा पाठ ज्यांच्यावर विनोद झाला त्यांच्यासाठी आहे, आणि तो जरा सावकाश घेऊ, कारण इथेच बहुतेक विद्यार्थी कच्चे राहतात. विनोद झाला की तत्काळ खुलासा करावा. खुलासा लेखी असावा, लांब असावा आणि त्यात 'वस्तुस्थिती' हा शब्द निदान दोनदा यावा. या शाखेचे आद्य गुरू म्हणजे लंडनचे ज्योतिषी जॉन पार्ट्रिज. मूळचे चांभार, पुढे पंचांगकर्ते. दरवर्षी कोण मरणार, कुठले राज्य बुडणार हे छापून विकत. 1708 साली आयझॅक बिकरस्टाफ नावाच्या कुणा नव्या ज्योतिषाने भविष्य छापले, की पार्ट्रिज हे 29 मार्चला रात्री अकराच्या सुमारास तापाने जातील. हा बिकरस्टाफ म्हणजे जोनाथन स्विफ्ट. तारीख उलटताच त्याने मृत्यूचे साग्रसंगीत वृत्तही छापले. पार्ट्रिज अर्थातच जिवंत होते, आणि त्यांनी तेच केले जे आपल्या वर्गातला पहिल्या नंबरचा विद्यार्थी करील: पुढच्या पंचांगात जाहीर केले की मी जिवंत आहे, आणि 29 मार्चलाही जिवंत होतो. यावर स्विफ्टचे उत्तर असे, की ज्यांनी ज्यांनी ते पंचांग वाचले त्यांचे मत आहे, जिवंत माणूस इतके भिकार लिहूच शकत नाही.

आता यात पार्ट्रिज यांचे चुकले काय? काहीच नाही. ते गप्प बसते तर आठ दिवसांत विषय मिटला असता. त्यांनी खुलासा केला म्हणून तीनशे वर्षांनी मी त्यांचे नाव घेतो आहे. ज्योतिषी दुसऱ्याचे मरण छापतो तेव्हा त्याला शास्त्र म्हणतात आणि त्याचे स्वतःचे छापले की ती बदनामी होते, एवढी गोष्ट स्विफ्टला सांगायची होती. ती त्याने अर्धीच सांगितली. उरलेली पार्ट्रिज यांनी स्वतःच्या खर्चाने छापली.

तिसरा पाठ कोर्टकचेरीचा. 1831 साली पॅरिसमध्ये शार्ल फिलिपों या संपादकावर राजाचे विडंबन केल्याचा खटला चालला. त्याने कोर्टातच कागद घेऊन राजा लुई फिलिप याचे तोंड काढले, आणि चार पायऱ्यांत त्याची नासपती करून दाखवली. म्हणाला, साम्य हाच गुन्हा असेल तर चारातल्या कुठल्या चित्रापासून अटक सुरू करायची ते सांगा. कोर्टाने त्याला शिक्षा दिली. मग नासपती पॅरिसच्या भिंतीभिंतीवर उमटली. कोर्टात नेले नसते तर ते फळ बाजारातच राहिले असते.

याची अद्ययावत आवृत्ती आपल्याकडची. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती केली आणि सरकारच्या कामकाजाविषयी काय खोटे, बनावट किंवा दिशाभूल करणारे आहे हे ठरवायला सरकारचाच तथ्यतपासणी कक्ष योजला. कक्षाने शिक्का मारलेला मजकूर ठेवणाऱ्या कंपन्यांचे कायदेशीर संरक्षण जाणार होते. मुंबई उच्च न्यायालयात याविरुद्ध पहिला धावला तो विनोद करून पोट भरणारा कुणाल कामरा. त्याचे म्हणणे सरळ होते: माझा धंदाच अतिशयोक्तीचा, ती तथ्याच्या तागडीत घातली की संपलो. जानेवारी 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींची मते विरुद्ध पडली, तिसऱ्या न्यायमूर्तींकडे प्रकरण गेले आणि 20 सप्टेंबर 2024 रोजी ती दुरुस्ती रद्द झाली. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने हे नुकसानच. कल्पना करा, एक टेबल, एक रबरी शिक्का, आणि 'खड्ड्यांना वारसा दर्जा' या बातमीवर तीन अधिकाऱ्यांच्या सह्यांनिशी शेरा: खड्ड्यांना कोणताही दर्जा नाही. मेव्हण्यांनी तो फ्रेम करून लावला असता.

प्रात्यक्षिकाचा पाठ मी थोडक्यात उरकतो, कारण त्याला हातोडा लागतो आणि माझा खांदा धरतो. ज्या मुंबईत 1960 साली 'मार्मिक' हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक निघाले आणि त्याच्या पानांवरून सहा वर्षांत एक पक्ष उभा राहिला, त्याच मुंबईत मार्च 2025 मध्ये उपमुख्यमंत्र्यांवरच्या कामराच्या एका विडंबनगीतावरून, ते जिथे गायले गेले तो खारचा स्टुडिओ शिवसैनिकांनी फोडला. दुसऱ्या दिवशी पालिकेचे पथकही अनधिकृत बांधकाम पाडायला तिथे पोचले. ज्यांनी गाणे ऐकले नव्हते त्यांनी मग शोधून ऐकले. फिलिपोंची नासपती इथेही पिकली.

मधेच एक सावधगिरी. अलीकडे वर्गात काही लबाड शिरतात. ते आधी थाप मारतात, दंगल पेटेल अशी मारतात, आणि पकडले गेले की म्हणतात, अहो, ते विडंबन होते. त्यांना प्रवेश नाही. विडंबन करणाऱ्याला पकडले जायचेच असते. दार उघडे ठेवूनच तो आत शिरतो. थापाड्याला आपली थाप शेवटपर्यंत खरी वाटायला हवी असते. ओळखायची खूणही सोपी आहे. गंमत कळल्यावर ज्याची हवा जाते ती थाप. गंमत कळल्यावरच ज्याला धार येते ते विडंबन. 'मग वर पाटी लावा ना, हा विनोद आहे म्हणून,' असे काही सज्जन सुचवतात. विहिणीला चिमटा काढताना आधी पोच घेण्यासारखे आहे ते. ओहायो राज्यातल्या एका माणसाने गावच्या पोलिसांच्या फेसबुक पानाची नक्कल केली आणि चार दिवस कोठडीत काढले, तेव्हा 2022 साली 'अनियन'ने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निवेदन देऊन हेच सांगितले: पाटी लावली की विडंबन मेले. निवेदन स्वतःच विडंबन होते. न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. पाटी नव्हती म्हणून असेल.

आता नापासांची नावेही सांगायला हवीत. सर्वांत वाईट विद्यार्थी म्हणजे नेहरू. 1948 साली व्यंगचित्रकार शंकर यांनी 'शंकर्स वीकली' सुरू केले तेव्हा या गृहस्थांनी स्वतःहून सांगितले, की मलाही सोडू नका. असा पंतप्रधान असेल तर अभ्यासक्रम चालायचा कसा? तीच गत आमच्या तमाशाच्या प्रेक्षकांची. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके उभ्या उभ्या ताज्या घडामोडी घुसडत, तेव्हा ज्यांच्यावर बाण सुटायचा तेही हसत. बतावणी हेच आमचे पहिले उपरोधिक वृत्तपत्र. वर्गणी नाही, अंक नाही, सोंगाड्या हाच संपादक आणि सोंगाड्याच बातमीदार.

शेवटचा पाठ सगळ्यांत अवघड. तो आहे कळूनही न कळण्याचा.

25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी आली. बातम्या छापण्याआधी तपासल्या जाऊ लागल्या. 28 जूनच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मुंबई आवृत्तीत, छोट्या जाहिरातींमध्ये, एक निधनवार्ता आली. मृताचे नाव इंग्रजीत असे फोडून लिहिलेले, की सलग वाचले तर 'डेमोक्रसी' व्हावे. पत्नीच्या नावात सत्य दडलेले, मुलाच्या नावात स्वातंत्र्य. भावंडे श्रद्धा, आशा आणि न्याय. निधनाची तारीख 26 जून. अशोक महादेवन या पत्रकाराने ती दिली होती. मोठे मथळे तपासणाऱ्यांच्या नजरेतून ही एवढीशी चौकट सुटली.

मला मात्र नेहमी दिसतो तो काउंटरवरचा कारकून. समोर कागद, हातात पेन. त्याने शब्द मोजले असतील, दराने गुणले असेल, पैसे घेतले असतील, पावती फाडली असेल. त्याला कळले नाही, असे धरून चालायची रीत आहे. मी शिकवतो तेव्हा विद्यार्थ्यांना विचारतो: नक्की? की त्याने एकदा नाव वाचले, पुन्हा वाचले, मान वर न करता 'पुढचे' म्हटले आणि शिक्का मारला? न कळण्याचे इतके उंच शिखर मला दुसरे माहीत नाही. हातोडा घेऊन जाणारा न-कळता आणि पावती फाडणारा न-कळता यांना एकाच वर्गात बसवण्याची चूक मी बरीच वर्षे करत होतो.

ती सुधारली आमच्या सोसायटीने. वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बिघडून रोज पहाटे पाणी वाहून जायचे. तीन महिने तक्रारी करून थकलो, तेव्हा मी फलकावर सूचना लावली: सोसायटीत नैसर्गिक धबधबा निर्माण झाला असून सर्व रहिवाशांनी धबधबा-दर्शन शुल्क रुपये शंभर खजिनदारांकडे भरावे, हुकमावरून. संध्याकाळपर्यंत दहा जणांनी पैसे भरले. एका आजींनी ज्येष्ठ नागरिकांसाठी सवलत आहे का विचारले. मी ओशाळून खजिनदारांकडे गेलो. आयुष्य बँकेत घालवलेले गृहस्थ, हसताना कुणी पाहिलेले नाही. म्हटले, साहेब, ती सूचना मी गमतीने लावली होती. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. 'कसली गंमत? तुमचे शंभर राहिलेत.' दिले. त्यांनी पावती फाडली, तपशिलात स्वच्छ अक्षरात 'धबधबा' लिहिले.

रविवारी प्लंबर आला. व्हॉल्व्ह आणि मजुरी मिळून नऊशे चाळीस झाले. अकराशेतले उरलेले एकशे साठ रुपये सोसायटीच्या ताळेबंदात 'धबधबा निधी' या नावाने अजून आहेत, आणि दर वार्षिक सभेत ते एकमताने मंजूर होतात.