ओसरीवरचा एक्सपी

ज्या कॉम्प्युटरवर एकच ऑपरेटिंग सिस्टीम असते तो चालू केला की चालू होतो. ज्यावर दोन असतात तो आधी विचारतो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चार-सहा ओळी उमटतात, खाली सेकंद उलटे मोजले जातात आणि तेवढ्यात आज कोणाकडे जायचं ते आपण सांगायचं असतं. नाही सांगितलं तर तो आपलं आपण ठरवून टाकतो. आमच्याकडे हे सेकंद दहा होते. वरची ओळ लिनक्सची, सगळ्यात खालची विंडोज एक्सपीची. हे विचारणाऱ्या प्रोग्रामचं नाव ग्रब, म्हणजे ग्रँड युनिफाइड बूटलोडर. विश्वातली वेगवेगळी बलं एका सूत्रात बांधू पाहणाऱ्या भौतिकशास्त्रातल्या सिद्धान्तावरून हे नाव बेतलेलं आहे. प्रत्यक्षात काम काय, तर दाराशी उभं राहून ‘आत कोणाला सांगू?’ एवढं विचारायचं.

मला ती यादी आवडायची. खालच्या ओळीवर मी महिनोन्‌महिने गेले नसेन, पण जाता येतं हे रोज सकाळी डोळ्यांसमोरून गेलं की बरं वाटायचं.

एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ला बाजारात आला आणि ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने त्याच्या देखभालीतून अंग काढून घेतलं. कागदोपत्री विषय तिथे संपला. पण एक्सपीला कोणी ते सांगितलं नसावं. त्या दिवशी जगातली बहुतेक एटीएम यंत्रं त्याच्यावरच चालत होती. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा तीन वर्षांपूर्वी हात झटकलेल्या मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी पुन्हा डागडुजी पाठवावी लागली. आपल्याकडे तर २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना जून २०१९पर्यंतची मुदत दिली, की एटीएममधून आता हे काढा. ज्याला हलवायला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक लागतं, तो माझ्या सांगण्याने हलत नव्हता यात माझ्याकडे कमीपणा येण्यासारखं काही नाही.

आमच्या घरात तो ओसरीवरच्या जुन्या भाडेकरूसारखा होता. आधी आला म्हणून दर्शनी जागा त्याची, मागच्या खोल्यांत लिनक्स. १६० जीबीच्या डिस्कमधले पहिले ४० त्याच्या नावावर. त्याला सी ड्राइव्ह म्हणायचं, कारण ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपींसाठी राखलेली. फ्लॉपी घरातून गेल्या, दुकानांतून गेल्या, पण सीला बढती मिळाली नाही. बसवताना त्याने ‘अंदाजे ३९ मिनिटं’ असं सांगितलं होतं. ज्यांनी एक्सपी बसवलेला आहे त्यांना ती ३९ मिनिटं ठाऊक आहेत. त्यातल्या काही मिनिटांत वरणभाताचा कुकर होतो.

लिनक्स आला टपालाने. तेव्हा उबुंटू या लिनक्सच्या अवताराची सीडी मागवली की परदेशातून फुकट घरपोच यायची. पाकिटावर नाव आपलं, पैसे काही नाहीत, टपालखर्चसुद्धा नाही. माझे सासरे, अण्णा, ते पाकीट हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत होते. “फुकट देतात म्हणजे पुढे काहीतरी मागतील,” ते म्हणाले. मागितलं फक्त डिस्कवर जागा, आणि ती मी दिली.

मग एक्सपी का ठेवला? माझ्यापुरतं सांगायचं तर फॉन्टसाठी. मी त्या काळात घरी डीटीपीची कामं करायचे. लग्नपत्रिका, सोसायटीच्या सभेची इतिवृत्तं, एखाददुसरा कवितासंग्रह. युनिकोड माझ्या कामात यायच्या आधीचे हे दिवस. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही फॉन्टची सॉफ्टवेअरं, प्रत्येकाचा संसार वेगळा. एकाने जिथे ‘क’ ठेवला तिथे दुसऱ्याने ‘ष’ ठेवलेला. फाइलमध्ये असायची ती मुळात रोमन अक्षरंच, फॉन्ट त्यांना देवनागरी अंगरखा घालायचा. त्यामुळे माझ्या मशीनवर ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ दिसणारी पत्रिका दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की टोप्याटिंबं लावलेली फ्रेंच अक्षरं आपसात हाणामारी करताना दिसायची. शिवाय सॉफ्टवेअरचं ‘लॉक’, म्हणजे कॉम्प्युटरच्या पाठीत खोचायचं ते बोंडूक, ते फक्त एक्सपीला ओळखायचं.

गंमत म्हणजे एक्सपीला खरं मराठी येत होतं. ‘मंगल’ हा फॉन्ट त्याच्या पोटातच होता. तो घडवला रघुनाथ कृष्ण जोशींनी, म्हणजे सुलेखनातल्या आपल्या र. कृ. जोशींनी. पण तो वापरायचा तर कंट्रोल पॅनेलमध्ये आत आत जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे. त्या चौकोनापुढे लिहिलेलं असे की गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपींसाठी, थाईसह. अरबी आणि थाईच्या पंगतीत मराठी बसलेली आहे हे ज्याच्या लक्षात येईल त्यालाच ती वाढली जायची, आणि तीही मूळ सीडी घातल्यावर. माझ्या ओळखीच्या डीटीपीवाल्यांपैकी फार थोड्यांनी ती खूण केली होती. बाकीचे पाठीत लॉक खोचून सुखात होते.

अण्णांचं कारण वेगळं होतं. त्यांना फ्रीसेल हा पत्त्यांचा खेळ खेळायचा असायचा. दुपारी चहाआधी ते कॉम्प्युटरसमोर बसत, खालच्या बाणाची कळ मोजून दाबत आणि एक्सपीत शिरत. मोजून अशासाठी, की वाचायला चष्मा लागे आणि चष्मा शोधेपर्यंत दहा सेकंद संपत. पण लिनक्सची खोड अशी, की त्याचा गाभा नवा झाला की जुना टाकून न देता तोही यादीत ठेवायचा. दर वेळी दोन ओळी वाढायच्या आणि एक्सपी दोन पायऱ्या खाली जायचा. “सूनबाई, तुझा लिनक्स माझ्या एक्सपीला खाली ढकलतोय,” अशी तक्रार ठरावीक काळाने यायची. पुढे उबुंटूवाल्यांनी या जुन्या ओळी एका पोटयादीत कोंबल्या आणि आमच्या घरात शांतता झाली.

फ्रीसेलच्या डावांना क्रमांक असतात. मूळ विंडोजच्या खेळात असे ३२,००० डाव होते. १९९४-९५च्या सुमारास शंभराहून अधिक हौशी मंडळींनी इंटरनेटवर एकत्र येऊन ते सगळे आपसात वाटून घेतले आणि सोडवले. एक सोडून. ११९८२ क्रमांकाचा डाव कोणालाच सुटला नाही आणि पुढे प्रोग्राम लिहून सगळ्या वाटा तपासल्या तरी सुटला नाही. हे मी अण्णांना कधीतरी सहज सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही, त्यांची दुपार भरली. “कोणाला सुटला नाही म्हणजे सुटत नाही असं थोडंच आहे?” एवढंच म्हणून त्यांनी तो डाव लावला. ते लेखापरीक्षणात आयुष्य घालवलेले. ताळेबंद जुळत नाही हे वाक्य त्यांनी कोणाकडूनच कधी ऐकून घेतलेलं नाही.

दोन सिस्टीमचं घड्याळावरून पटत नसे, हाही रोजचा विषय. कॉम्प्युटरच्या आत बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. विंडोज धरून चालतो की ते इथली वेळ दाखवतं. लिनक्सचा साधारण कल ते ग्रीनिचच्या वेळेवर ठेवून भारताचे साडेपाच तास स्वतः मिळवण्याकडे. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. पण लिनक्सनंतर एक्सपी उघडला की सकाळचे दहा तिथे पहाटेचे साडेचार व्हायचे. अण्णांनी घड्याळ दुरुस्त केलं आणि मग मी लिनक्स उघडला, की माझ्याकडे दुपारचे साडेतीन. यावर सेटिंगमध्ये उपाय आहे आणि तो मला माहीत होता. पण अण्णा कोपऱ्यातलं घड्याळ बघून “अजून साडेनऊच झालेत” असं म्हणत दुपारी तीन वाजता बिनदिक्कत दुसरा डाव लावत, त्यामुळे मी तो केला नाही.

आणि ती हिरवी टेकडी. एक्सपी उघडला की निळ्या आकाशाखाली पसरलेली. अण्णांचं म्हणणं, हे पाचगणीच्या टेबललँडच्या पलीकडचं आहे, भाद्रपदात गेलं की दिसतं. प्रत्यक्षात ती कॅलिफोर्नियातली सोनोमा भागातली टेकडी. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने १९९६मध्ये गाडीने जाताना थांबून तिचा फोटो काढला. मुळात तिथे द्राक्षांचे मळे होते. वेलींना कीड लागली म्हणून काढून टाकल्या आणि त्या मधल्या काळात गवत उगवलं, तेवढ्यात फोटो निघाला. नंतर पुन्हा वेली लागल्या. नाशिकच्या माणसाला ही कथा लगेच पटेल. म्हणजे कोट्यवधी लोकांनी वर्षानुवर्षं रोज पाहिलेलं ते दृश्य, हे खरं तर बागाईतदाराचं वाया गेलेलं वर्ष होतं.

शेवटी एक्सपी काढावा लागला तो जागेसाठी. मागच्या खोल्या भरल्या. लिनक्स अपडेट घेईना, डिस्क शिल्लक नाही म्हणे. दुकानातला मुलगा म्हणाला, “मॅडम, फॉरमॅट मारून टाका ना.” या मुलांना सगळ्यावर फॉरमॅट मारायचा असतो. मी आधी जुन्या फाइली बाहेर काढल्या आणि त्या युनिकोडमध्ये बदलत बसले. बदलून देणारे प्रोग्राम मिळतात, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्यापाशी ते ठेचकाळतात. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतील तशी ठेवलेली, वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर. युनिकोडात उच्चाराच्या क्रमाने, व्यंजन आधी. त्यामुळे अनेक चिरंजीव आणि सौभाग्यकांक्षिणी अशा बदलून आल्या की त्यांच्या आईवडिलांनी ओळखल्या नसत्या. त्या हाताने दुरुस्त केल्या. लग्नं होऊन वीस वर्षं झालेली, आता त्यांची शुद्धलेखनं तपासून कोणाचं काय भलं होणार होतं कोण जाणे.

मग जीपार्टेड उघडला. हा प्रोग्राम सभ्य आहे. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एखादा वाटा, पुसा म्हटलं तरी लगेच पुसत नाही, कामाची नोंद करून थांबतो. वर एक बरोबरची खूण असते, ती दाबेपर्यंत सगळं मागे घेता येतं. ती दाबली की क्षणार्धात संपतं, आणि हे समजायला मला थोडा वेळ लागला, कारण मनात ३९ मिनिटं होती. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी सुरुवातीला ५१२ बाइटांचा एक तुकडा असतो. त्यात चार पार्टिशनांच्या नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांच्या. त्यातल्या एका नोंदीत शून्यं भरायची, झालं. आजच्या युनिकोडात ‘एक्सपी’ हा शब्द साठवायलाच १८ बाइट लागतात. तो काढायला त्याहून दोन कमी. आतलं सामान तसंच पडलेलं असतं, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फक्त पत्ता खोडलेला.

आमच्याकडे विचारणारा ग्रब लिनक्सच्या वाट्यातला होता म्हणून हे सोपं झालं. ज्यांना उलटं, म्हणजे लिनक्स काढून विंडोज ठेवायचं असतं, ते उत्साहात लिनक्सचं पार्टिशन उडवतात आणि त्याच्याबरोबर ग्रबही जातो. मग चालू केल्यावर एखादी तक्रार, तिच्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ हे दोन शब्द आणि चमकणारा कर्सर. रेस्क्यू म्हणजे तुम्ही त्याची करायची, हे तिथे लिहिलेलं नसतं.

भाडेकरू गेला, पण रिकामी झाली ती ओसरी. मागच्या खोल्या मोठ्या करायच्या तर भिंत पुढे सरकवायची आणि सगळं सामान एकेक करून हलवायचं. याला तास न्‌ तास लागतात आणि मध्ये वीज गेली तर दोन्हीकडचं जातं. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार गुरुवार, हे सर्वश्रुत आहे, पण बाकीचे वारही पूर्ण विश्वासाचे नाहीत. मी भिंत तशीच ठेवली. त्या ४० जीबींवर नवं पार्टिशन केलं आणि माझ्या जुन्या पत्रिका, इतिवृत्तं, कवी मंडळी असं सगळं तिथेच नेऊन ठेवलं. थोडं सामान मागून पुढे आलं तशी लिनक्सला जागा झाली, आणि तो पुन्हा अपडेट घेऊ लागला.

यादी मात्र गेली. एकच सिस्टीम उरली की ग्रब विचारत बसत नाही, सरळ आत नेतो. दहा सेकंद वाचतात. कॅबिनेटच्या बाजूला एक्सपीच्या पंचवीस अक्षरांच्या चावीचं स्टिकर आहे. ते मी नखाने काढून पाहिलं, निघत नाही.

अण्णांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की लिनक्सवर फ्रीसेल मिळतं, आणि त्यांचे जुने क्रमांक चालतील असंही मिळतं. त्यांचा विश्वास नव्हता. दुपारी ते नेहमीच्या वेळी बसले. मी खेळ उघडून दिला, क्रमांक कुठे घालायचा ते दाखवलं. त्यांनी एका बोटाने ११९८२ दाबलं आणि चष्मा वर करून पत्ते वाचत गेले, एकेका रांगेवर बोट ठेवून, ताळा घेतल्यासारखं.

“पत्ते तेच आहेत,” ते म्हणाले. “पण लहान आहेत. ते जरा मोठे करून दे, आणि चहा टाक. आज वेळ लागेल.”