खांद्यावर हात कुणाचा?

वर्तमानपत्रातलं श्रद्धांजलीचं पान कधी नीट पाहिलंय? कैलासवासी फेटा बांधून, केसांत अक्षता घेऊन, प्रसंगाला अजिबात न शोभणाऱ्या खुशीत आपल्याकडे बघत असतात. खांद्यावर एक हात असतो. हाताला मनगट असतं, मनगटावर घड्याळ असतं, त्यापुढे माणूस नसतो. कानाशी कुणाच्या तरी शालूचा काठ. खाली ‘शोकाकुल’ म्हणून जी लांबलचक यादी असते त्यात तो हात बहुधा असतोच, फक्त नेमका कोणता ते कळत नाही.

याचं कारण सरळ आहे. आपल्याकडे माणूस एकटा फोटो काढून घेत नाही. आधार कार्डाचा निघतो, पण तो शत्रूलाही दाखवू नये असा. बाकी सगळे लग्नातले, मुंजीतले, अष्टविनायकाच्या बसपुढचे. मग वेळ आली की घरातला एखादा भाचा मोबाइल घेऊन बसतो आणि तीस जणांतून एक मामा कातरून काढतो. मागून सूचना येते, “क्वालिटी जाऊ देऊ नकोस हं!”

कात्रीची बाजू घेऊन सांगतो, क्वालिटी कापल्यामुळे जातच नाही. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत साधारण 4000 बाय 3000 ठिपके असतात. लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली, म्हणजे तीन चतुर्थांश फोटो कचऱ्यात टाकला, तरी 2000 बाय 1500 उरतात. सहा बाय चार इंची प्रिंटला, इंचाला 300 ठिपके या छपाईच्या नेहमीच्या हिशेबाने, 1800 बाय 1200 पुरतात. अल्बमला काही धक्का नाही. उरलेल्या ठिपक्यांच्या केसालाही कुणी हात लावलेला नसतो.

गडबड कापण्याच्या आधी होते आणि नंतर होते. भाचा मूळ फोटो शोधत नाही. ‘परिवार’ नावाच्या ग्रुपवर आत्याने टाकलेला उचलतो. व्हॉट्सॲपने तो साध्या पद्धतीने पाठवताना आधीच 1600 ठिपक्यांच्या आसपास आणलेला असतो. भाचा त्याचाही स्क्रीनशॉट घेतो, कारण डाउनलोड करायला कंटाळा. मग कापतो, मग पुन्हा ग्रुपवर टाकतो. मोठा भाऊ तिथून उचलून कपाळावरचा लाईटचा डाग घालवतो आणि पुन्हा पाठवतो.

जेपेग हा प्रकार 1992 सालचा. तो चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि डोळ्याला चटकन न कळणारा तपशील त्या चौकोनांतून काढून टाकतो. एकदा केलं तर खरंच कळत नाही. पण कापून पुन्हा साठवलं की चौकोन नव्या जागी पडतात आणि नव्याने काटछाट होते. चार घरं फिरलेल्या मामांच्या गालावर म्हणून फरश्या दिसायला लागतात. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. जेपेगट्रान नावाचं जुनं साधन किंवा इरफानव्ह्यूमधली लॉसलेस क्रॉपची सोय फोटो न उलगडता, चौकोनांच्या रेघेवरच कापते. ठिपकाही बदलत नाही. अट एवढीच, की कापाची वरची आणि डावी कड आठ-सोळाच्या पटीत बसली पाहिजे. शालूचा काठ थोडा राहिला तर राहू द्यावा.

पण खरी कसोटी फ्लेक्सच्या दुकानात. वाढदिवस उद्या, भाऊंचा फोटो ग्रुप फोटोतून काढलेला, चेहरा जेमतेम 150 ठिपके रुंद. फ्लेक्सवर चेहरा हवा तीन फूट. हिशेब करा, एकेक ठिपका सहा मिलिमीटरचा झाला, म्हणजे वाटाण्याएवढा. व्हॉट्सॲपवरून आला असेल तर चेहऱ्याला साठच ठिपके उरतात आणि ठिपका दीड सेंटिमीटरचा होतो. चौकातून नाही, पण बसस्टॉपवरून नक्की मोजता येतात.

“दादा, फोटो फुटतोय.”

“मग मोठा कर ना!”

“मोठा केला म्हणूनच फुटतोय.”

“तुमच्याकडचं मशीनच जुनं आहे.”

कोरल ड्रॉ उघडून बसलेला तो पोरगा रोज हे ऐकतो. त्याचं मागणं एकच असतं, ओरिजिनल पाठवा, डॉक्युमेंट करून पाठवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल व्हॉट्सॲप आवळत नाही, जशीच्या तशी पोचवतं. एवढी एक गोष्ट केली तर राज्यातल्या निम्म्या शुभेच्छुकांचे चेहरे ओळखू येतील. त्याची खरोखर गरज आहे का, हा वेगळा प्रश्न. कार्यकर्त्यांची एक अडचण मात्र समजण्यासारखी आहे. ओरिजिनलमध्ये शेजारी गेल्या निवडणुकीतले साहेब उभे असतात. पक्ष फुटला की आधी फोटो कापले जातात आणि मग तेही फुटतात.

कापून भलं झाल्याचं उदाहरणही आहे. जगभरच्या टी-शर्टांवरचा चे गव्हेरा हा एका आडव्या फोटोचा तुकडा आहे. अल्बेर्तो कोर्दाने 5 मार्च 1960 रोजी हवानात तो काढला, तेव्हा चौकटीत एका बाजूला आणखी एक गृहस्थ होते आणि दुसऱ्या बाजूला ताडाची पानं. दोघांना बाहेर काढलं आणि क्रांती झाली. तिथे मात्र कातरलं ते मूळ निगेटिव्हवरून. कुणी ग्रुपवरून उचललं नव्हतं.

आता दुसरी गंमत. जे जपायचं ते असं वाटेत सांडतं आणि जे कायमचं घालवायचं ते चिकटून बसतं. बायोडेटा वर्डमध्ये करतात, त्यात गोव्याच्या सहलीतला फोटो टाकून तिथेच गळ्यापर्यंत कापतात. वर्ड फक्त झाकतं. कापलेला भाग काढून टाका असं वेगळं सांगितलं नाही, तर तो फाइलमध्ये तसाच राहतो. पलीकडच्याने क्रॉपची चौकट जरा ओढली, की हातातली बाटली आणि शेजारची मंडळी मुलाखतीला हजर. अनुभवाच्या रकान्यात हे लिहिलेलं नसतं. पीडीएफ करून पाठवली तर निदान ती चौकट ओढण्याची सोय तरी राहत नाही.

हे निदान आपलं अज्ञान म्हणता येईल. मार्च 2023 मध्ये उघड झालं, की गुगलच्या पिक्सेल फोनवर स्क्रीनशॉट कापला तरी कापलेल्यातला बराच भाग परत मिळवता येत होता. नवी छोटी फाइल जुन्या मोठ्या फाइलवर लिहिली जायची, पण जुनीची शेपटी तोडायला सॉफ्टवेअर विसरायचं. लोकांनी कार्डाचा नंबर कापून बिनधास्त पाठवला होता. नंबर शेपटीत बसून प्रवास करत होता. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसाच घोळ सापडला. दोन्ही दुरुस्त झाले. आधी पाठवून झालेल्या चित्रांचं काय करायचं, याचं उत्तर मात्र कोणत्याच अपडेटमध्ये नव्हतं.

आणि एवढं सगळं जपून, ओरिजिनल मिळवून, एकदाच कापून, एकदाच साठवून तुम्ही बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरायला बसलात की फॉर्म म्हणतो, फोटो 200 बाय 230, वीस ते पन्नास केबी. सायबर कॅफेतला मुलगा तीन क्लिकमध्ये तुमच्या क्वालिटीचा निकाल लावतो आणि वीस रुपये घेतो.

हल्ली फुटलेला फोटो जोडून देणारी ॲप आली आहेत. एआय लावा, चेहरा लखलखीत. ती हरवलेले ठिपके शोधून आणत नाहीत, साधारण तिथे काय असावं ते मनाने भरतात. पापण्या घनदाट होतात, सुरकुत्या जातात, आणि तोंडाचं बोळकं असलेल्या आजोबांना बत्तीस दात येतात. घरातले सगळे खूश होतात. सोनेरी फ्रेम करून फोटो दिवाणखान्यात लागतो, हारही चढतो. आजी चष्मा पुसून जवळ जाते, बराच वेळ न्याहाळते आणि विचारते, “हे कोण? सुनेच्या माहेरचे का?”