तोळामासा

अमेरिका हा देश भाजी पौंडात घेतो, दूध गॅलनमध्ये पितो आणि ताप फॅरनहाइटमध्ये काढतो. १९७५ साली इथल्या काँग्रेसने मेट्रिक पद्धतीचा कायदा केला खरा, पण तो ऐच्छिक ठेवला आणि ऐच्छिक गोष्टींचं जगात जे होतं तेच त्याचंही झालं. या देशात ग्रॅमला मनापासून मान मिळतो अशा थोड्या जागांपैकी एक म्हणजे हलकी माउंटन बाइक बांधणाऱ्याचं गॅरेज. तिथे हँडलबार, सीटपोस्ट, टायर, स्क्रू, सगळं ग्रॅमात बोललं जातं. गंमत अशी की हे सगळे ग्रॅम जोडून सायकल उभी राहिली, की तिचं वजन पुन्हा पौंडात सांगतात. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, आणि सोनं अजून तोळ्यात. सराफाची पावती ग्रॅमची असते, पण घरी आल्यावर सांगायचं ते ‘चार तोळ्यांच्या पाटल्या केल्या’ असंच. जिवाभावाच्या वस्तूला सरकारी माप चालत नाही. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की हलकी हार्डटेल ही जिवाभावाचीच वस्तू आहे. हार्डटेल म्हणजे पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेली, आणि मागचे धक्के बसणाऱ्याने आपापल्या कण्यावर सोसायचे अशी सायकल. लोक तिला वाहन समजतात आणि मग तिच्या मालकाला वेडा ठरवतात. ती दागिना आहे असं एकदा धरून चाला, मग त्याच्याइतका हिशेबी माणूस सापडणार नाही.

या खेळाला वजनाची खोड जन्मापासून होती म्हणावं, तर तसंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरीन काउंटी लागते. तिथे फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ‘रीपॅक’ची पहिली शर्यत झाली. साधारण दोन मैलांत तेराशे फूट उतार, आणि खाली सोडायच्या त्या १९३०-४० च्या जमान्यातल्या, फुगीर टायरांच्या, वीस किलोंच्या घरातल्या जुन्या सायकली. ब्रेक पेडल उलटं दाबून लागणारा. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस जळून त्याचा धूर व्हायचा आणि पुढच्या फेरीआधी हब नव्या ग्रीसने भरावा लागायचा, म्हणून शर्यतीचं नाव रीपॅक. या मंडळींना वजनाची फिकीर असायचं कारणच नव्हतं, कारण वर जाताना सायकली बहुधा ट्रकमध्ये बसून जात. याच मंडळींतल्या जो ब्रीझने १९७७-७८ मध्ये खास या कामासाठी पहिल्या दहा सायकली बांधल्या, त्याही १७ किलोंच्या आसपासच भरत. पण त्याच डोंगराच्या कुशीत चार्ली कनिंगहॅम नावाचा गृहस्थ अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या जोडत बसला होता. आदिपाप घडलं ते तिथे. मात्र त्याच्यावर ठपका ठेवता येत नाही. वीस किलोंची सायकल बारा किलोंवर आणली की माणूस ट्रकशिवाय डोंगर चढू शकतो. ही काटकसर झाली. सराफी सुरू होते ती नऊ किलोंची सायकल आठ किलो नऊशे ग्रॅमवर आणताना.

कारण त्या शंभर ग्रॅमची किंमत सरळ गणिताने निघते. बसणारा ७५ किलोंचा धरा, सायकल १० किलोंची, बूट, हेल्मेट, पाणी आणि सुटं सामान मिळून ५. एकूण ९०. शंभर ग्रॅम म्हणजे त्याचा नऊशेवा भाग. उभ्या चढावर सगळी ताकद हेच वजन वर न्यायला लागते असं त्या शंभर ग्रॅमच्या बाजूने मानलं, तरी तासाभराच्या चढणीत, म्हणजे ३,६०० सेकंदांत, वाचतात चार सेकंद. डोळ्यात गेलेलं चिलट काढायला याहून जास्त लागतात. पाऊण लिटरची भरलेली बाटली घरी ठेवली तर तीस सेकंद वाचतील, तेही फुकटात. (चढणीच्या पायथ्याशी पाणी पिऊन बाटली हलकी करणारे महाभाग असतात. ते पाणी वर कोण नेतं हा प्रश्न त्यांना पडत नाही.)

यावर जाणकार लगेच बोट वर करतात: चाकाचं वजन वेगळं असतं. बरोबर आहे. चाकाच्या कडेचा ग्रॅम वेग घेताना दोन ग्रॅमइतका भरतो, एकदा पुढे जायचं म्हणून आणि एकदा गिरकी घ्यायची म्हणून. पण चढावर एकसारख्या वेगाने जाताना तो निमूटपणे एकाच ग्रॅमएवढा असतो. आणि समजा हा दुपटीचा नियम मानला, तर चाक हलकं करायचा सर्वांत शहाणा उपाय म्हणजे आतली ट्यूब काढून सीलंटचं पांढरं दूध ओतणं. थोडक्या डॉलरांत चाकामागे शंभरेक ग्रॅम वाचतात आणि काट्याचं पंक्चरही आपोआप बुजतं. इतकी उपयोगी गोष्ट असूनही कोणी तिची फुशारकी मारत नाही. नथीच्या गप्पा होतात, परकराच्या नाडीच्या होत नाहीत.

दुसरा आक्षेप शर्यतीचा. शर्यतीत चार सेकंदांना मोल आहे, शिवाय रस्त्यावरच्या सायकलींना जी ६.८ किलोंची किमान मर्यादा आहे ती माउंटन बाइकला नाही, म्हणजे रान मोकळं. मग शर्यतवाले स्वतः काय करतात ते पाहावं. हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला १९९६ साली, अटलांटाजवळच्या कॉनयर्समध्ये. त्यानंतर वीस वर्षांनी रिओत नीनो शुर्टरने पुरुषांचं सुवर्ण जिंकलं ते मागेही सस्पेन्शन असलेल्या, अर्थात हार्डटेलपेक्षा जड, सायकलीवर. ज्यांचं पोट सेकंदांवर चालतं त्यांनी खुशाल वजन वाढवलं, कारण खडबडीत वाटेवर मागचं चाक जमिनीला चिकटून राहिलं तर जास्त वेळ वाचतो. आता कोलोरॅडोतल्या लेडव्हिलची शंभर मैलांची शर्यत घ्या. सायकलींसाठी ती १९९४ पासून होते, सुरुवातच दहा हजार फुटांवरून होते, आणि वाटा बऱ्याचशा रुंद. हार्डटेलला याहून सोयीचं अंगण नाही. तिथे बारा तासांच्या आत पोचणाऱ्याला बक्षीस काय मिळतं? पट्ट्याचं भलंमोठं चांदीचं बकल. नऊ तासांच्या आत आलात तर त्याहून मोठं. वर्षभर टायटॅनियमच्या स्क्रूंनी जे वाचवलं ते कमरेला वाजतगाजत परत. दागिन्यासाठी दागिना, व्यवहार चोख.

स्क्रूंचंच पाहा. बऱ्याच सायकलींत दोन चाकांच्या ब्रेकच्या चकत्या मिळून बारा स्क्रूंनी बसतात. पोलादाऐवजी टायटॅनियमचे घातले तर सगळे मिळून वाचतात दहाएक ग्रॅम, म्हणजे तोळ्याला कमीच. स्क्रूमागे सहा-सात गुंजा. स्वयंपाकघरातला काटा इथे उपयोगाचा नाही, तो एका स्क्रूच्या फरकावर कूसही बदलत नाही. म्हणून दशांश ग्रॅम दाखवणारा, सोनाराच्या जातीचा काटा घ्यावा लागतो. वाटी ठेवून तिचं वजन शून्य करायचं, बारा स्क्रू तिच्यात ओतायचे, आकडा स्थिरावेपर्यंत श्वास रोखायचा. नंतर टॉर्क पाना घेऊन एकेक असा आवळायचा की कट् आवाज होताच हात थांबला पाहिजे. मागच्या दातेरी चक्रांचा कॅसेट घ्या. बारा गिअरांचा साधा पोलादी कॅसेट सहाशे ग्रॅमच्या वर जातो आणि शंभरेक डॉलरना मिळतो. वरच्या प्रतीचा साडेतीनशेच्या आसपास, किंमत चारशेच्या वर. त्याचा बराचसा भाग पोलादाच्या एकाच ठोकळ्यातून कोरून काढतात, बाकीचा ठोकळा कीस होऊन केरात जातो. सराफी भाषेत सांगायचं तर माल थोडा, घट भरपूर, आणि बिल सगळं घडणावळीचं. एवढ्यावर सराफाशी साम्य संपतं, कारण इथे मोड मिळत नाही. पाटल्या मोडून सोन्याचे पैसे उभे राहतात. वापरलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूला सासरीही भाव नाही, माहेरीही नाही.

मुळात हार्डटेलच त्यागाच्या नावाने चालते. मागचा शॉक नको, पुढे एकच चक्र ठेवून साखळी सरकवणारा तिथला डिरेलरही नको, जाड गादी नको. कमी घेतलं तर पैसेही कमी पडावेत असं साध्या माणसाला वाटतं. पण उपवासाची थाळी रोजच्या थाळीपेक्षा महाग का असते हे ज्या समाजाला विचारावं लागत नाही, त्याला हे कोडं पडायचं कारण नाही. आठशे ग्रॅमच्या आसपासची कार्बनची फ्रेम म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी.

राहिला तो सर्वांत जुना आक्षेप, तो बहुधा घरातूनच येतो: एवढे डॉलर घालण्यापेक्षा स्वतःचं दोन किलो कमी करा की! गणित म्हणून यात खोट काढता येत नाही. पण असं सांगणारी माणसं ‘पाटल्या कशाला, हात बारीक करा’ असं कोणाला सांगत नाहीत. शिवाय पोटाचा आणि सायकलीचा संबंध निर्मात्यांनीच लावून ठेवला आहे: अगदी हलक्या खोगिरांवर, चाकांवर ‘बसणाऱ्याचं वजन अमुक किलोंच्या आत हवं’ अशी अट असते. म्हणजे ग्रॅम वाचवण्याची परवानगी ज्याला त्याची गरज कमी त्यालाच. कॅलिफोर्नियातले सायकल बांधणारे कीथ बॉन्ट्रेगर यांच्या नावावर एक सूत्र सांगतात: मजबूत, हलकं, स्वस्त, यांतली कोणतीही दोन निवडा. दागिन्याच्या भक्ताने स्वस्त कधीच सोडलेलं असतं, आणि हलक्याच्या नादात मजबुतीकडेही तो जरा काणाडोळा करतो. अशा सायकलीची प्रकृती तोळामासाच. दगडावर आपटू नये, हँडलबार पाच न्यूटन-मीटरच्या वर आवळू नये, कोणाला उसनी देऊ नये.

वेगाचा किंवा वजनाचाही प्रश्न इथे नाही याचा पक्का पुरावा मात्र वापरलेल्या सायकलीत सापडतो. सीलंट काही महिन्यांत आपोआप वाळतं. टायरचे गट्टे झिजतात, ब्रेकचे पॅड पातळ होतात. म्हणजे चालवत राहिलं की सायकल एक डॉलरही न घेता हलकी होत जाते. या फुकटच्या ग्रॅमांचा आनंद झालेला माणूस कोणी पाहिला आहे? उलट तो हळहळतो, नवं, जड टायर आणतो आणि वहीत वजनाचा आकडा नव्याने लिहितो.

आणि पाहुणा आला, की तो सायकलीवर बसत नाही. वरच्या नळीखाली दोन बोटं घालून ती उचलतो, भुवया वर करतो, जशी बाई दुसरीची पाटली तळहातावर तोलते तशी, आणि विचारतो, ‘किती?’

‘एकोणीस पौंड.’

‘पेडलसकट?’

इथे यजमान जरा घुटमळतो. पेडल धरत नाहीत. मंगळसूत्राचं सोनं सांगताना काळे मणी कुठे धरतात?