पणजी कुणाकडची? नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

वंशावळ करायला घेतलेल्या माणसाचे सुरुवातीचे दिवस फार मजेत जातात. पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे चार भाऊ, त्यांतला एक दत्तक गेलेला, एक घर सोडून गोसावी झालेला, सगळे पटापट हाताला लागतात. मग पणजीच्या चौकटीत ‘माहेरचे आडनाव’ भरायची वेळ येते. पुण्याचे काका म्हणतात भिडे, नागपूरची आत्या म्हणते गाडगीळ. दोघंही छातीठोकपणे सांगतात आणि दोघांनीही पणजीला पाहिलेलं नसतं. नवशिक्या इथपर्यंत पोचला की हे मार्गदर्शन सुरू होतं.

साहित्य: एक जाड वही (लॅपटॉप चालेल, पण आत्या लॅपटॉपसमोर मोकळं बोलत नाही), मोडी वाचणारी एक ओळखीची व्यक्ती, माळ्यावर चढायला भक्कम स्टूल, आणि दोन्ही पक्षांकडे आग्रहाचं जेवूनही शाबूत राहणारं पोट. कागदपत्रं एवढ्यात लागत नाहीत.

सुरुवातीला आडनावाच्या मागे लागू नका. कोणतं आडनाव कुणाला हवंय, ते आधी बघा. एका पक्षाला पणजी सरदार घराण्यातली हवी असते. दुसऱ्या पक्षाने त्या सरदार घराण्याशी जागेवरून कोर्टकचेरी केलेली असते, त्यामुळे त्याला ती तिथली नकोच असते. तिसरा पक्ष म्हणतो, ‘कशाला उकरून काढता?’ त्याला बहुधा खरं उत्तर माहीत असतं. त्याच्याकडे शेवटी जा, पण जा.

आता नाव. नवशिक्यांना वाटतं की नाव तर ठाऊक आहे, प्रश्न फक्त आडनावाचा आहे. तुम्हाला ठाऊक आहे ते सासरचं नाव. लग्नात ताम्हनातल्या तांदळांत नवऱ्याने अंगठीने जे लिहिलं, ते. माहेरी ती कोण होती हा आणखी एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर नसलं तर माहेरच्या वंशावळीत ती समोर दिसूनही ओळखू येत नाही. कल्याणच्या जोश्यांची यमुना लग्नानंतर आनंदीबाई जोशी झाली आणि अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली. देवराष्ट्र्याच्या कुरलेकरांची यमुना लग्नानंतर रमाबाई रानडे झाली. तांब्यांची मनकर्णिका झाशीला जाऊन लक्ष्मीबाई झाली, गोखल्यांची मनकर्णिका टिळकांकडे येऊन लक्ष्मीबाई झाली. या चौघींवर पुस्तकं आहेत म्हणून त्यांचा घोळ होत नाही. तुमच्या पणजीवर पुस्तक नाही. शिवाय तिला घरात माई म्हणत, गावात काकू म्हणत आणि सनदशीर नाव फक्त भटजींना माहीत होतं.

आनंदीबाईंचं उदाहरण आणखी एका कारणासाठी वहीत टिपून ठेवा. त्या माहेरच्याही जोशी आणि सासरच्याही जोशी. तेव्हा ‘आपल्यात आपलंच आडनाव कसं असेल?’ असं म्हणून कुणी एखादी शक्यता खोडायला निघालं तर खोडू देऊ नका. जोशीपण वृत्तीवरून आलेलं, कुलकर्णीपण वतनावरून आलेलं. ती आडनावं गावोगाव आणि गोत्रोगोत्री सापडतात.

त्यातूनच वादाचा एक मोठा प्रकार निघतो, आणि तो मुळात वादच नसतो. एकच घर वृत्तीने जोशी, वतनाने कुलकर्णी आणि गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर त्या गावाच्या नावाने अमुककर. थोरल्या आत्याने जोशी ऐकलं, धाकट्या काकांनी अमुककर ऐकलं, आणि दोघांनी एकमेकांच्या नातवाच्या मुंजीला जायचं सोडलं. मोठ्यांच्या घरीही हेच. पेशवे मूळचे भट. नाना फडणवीस आडनावाने भानू. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांच्या, आणि रास्ते मूळचे गोखले. त्या काळी कुणी वंशावळ करायला बसला असता तर गोपिकाबाईंच्या माहेराबद्दल दोन तट पडले असते आणि दोन्ही बरोबर असते. म्हणून दोन आडनावं समोर आली की आधी विचारा: ही दोन घरं आहेत की एकाच घराच्या दोन पाट्या?

एकाच घराच्या नसतील तर दुसरी शक्यता तपासा. ती लोक टाळतात, कारण ती विचारताना आवाज आपोआप खाली येतो. पणजोबांची लग्नं किती झाली? 1896 नंतरचा प्लेग, मग 1918 चा इन्फ्लुएन्झा, त्याशिवाय बाळंतपणं. बायको गेली की वर्षाच्या आत नवरदेव पुन्हा बोहल्यावर चढे. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकालाही, पहिल्या पत्नी वारल्यावर, 1873 साली वडिलांच्या हट्टापुढे लहान मुलीशी लग्न करावं लागलं. तुमच्या पणजोबांकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. तर पहिली भिड्यांची आणि दुसरी गाडगिळांची असू शकते. काका एकीच्या मुलांच्या शाखेतले, आत्या दुसरीच्या. दोघंही खरं सांगतायत, फक्त वेगवेगळ्या बायकांबद्दल. दोघींचं सासरचं नाव एकच ठेवलेलं असेल तर मग विचारायलाच नको.

एवढ्यावरही भागलं नाही तर गोत्र काढा. ही फार उपयोगाची पायरी आहे, पण तिने कोण होती ते कळत नाही, कोण नव्हती ते कळतं. सगोत्र विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली ती 1946 साली. पणजीचं लग्न त्याच्या किती तरी आधीचं. सासर कोकणस्थ गोखल्यांचं असेल तर गोत्र काश्यप. मग पणजी लेल्यांची किंवा जोगांची असण्याचा संभव जवळजवळ नाही, कारण तेही काश्यपच. मराठा घरांत हेच काम देवक करतं. दोन्हीकडे देवक कळंबाचं असेल तर सोयरीक जुळली नसणार. घरात पिढीजात हेळवी येत असतील, म्हणजे कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे, तर ते पिढ्या वाचून दाखवतात. त्यांना चहा द्या, पान द्या, आणि पुरुषांच्या पिढ्या संपल्यावर उठू देऊ नका.

गोत्राचा धागा हाताशी आला की तर्पणाची यादी शोधा. आजोबा पितृपक्षात दर्भ घेऊन बसत, तेव्हा ही यादी जानव्याच्या डब्यात किंवा पंचांगात घडी घालून ठेवलेली असे. यात पणजी दोनदा येते. एकदा आजोबांची माता म्हणून, स्वतःच्या नावाने, पण नवऱ्याच्या गोत्राने. इथे माहेर पुसलेलं असतं. खाली उतरा. ‘मातामह’ असं लिहिलेलं असतं, त्यापुढे आजोबांच्या आजोळच्या आजोबांचं नाव आणि गोत्र, मग त्यांचे वडील, मग त्यांचे वडील. तीन पिढ्या एका ओळीत, गोत्रासकट. आडनाव मात्र नाही, कारण पितरांना ते लागत नाही. तरीही घरच्या कागदांत एवढं नेमकं दुसरं काही मिळणार नाही. भिड्यांच्या आणि गाडगिळांच्या वंशावळीत या तीन नावांची उतरंड कुठे जुळते ते बघा.

आता स्टूल घ्या आणि माळ्यावर चढा. लग्नात माहेरून आलेल्या भांड्यांवर नावं घालून घेत असत. घंगाळ, परात, कळशी, अडुळसा उकळायचं ते काळं पडलेलं पातेलं, सगळं खाली काढा. चिंच लावून काठ घासा. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं हळूहळू वर येतात. समजा, एका कळशीच्या गळ्यापाशी ‘चि. सौ. कां. यमूस ग. वि. भ. यांजकडून’ एवढं निघालं. घरात जल्लोष होईल. काका म्हणतील, बघा, भ म्हणजे भिडे. जल्लोष आवरा. भ म्हणजे भट, भावे, भागवत, भाटे आणि भालेरावसुद्धा. शिवाय भांडं देणारा बाप की मामा, हे कळशीवर लिहिलेलं नाही. भांड्यावर नाव घालणारा अक्षरामागे पैसे घेई, आणि देणाऱ्याच्या काटकसरीने तुमचा दोन माणसांचा वाद सहा आडनावांवर नेला. तरी एक फायदा झाला: माहेरचं नाव यमू. कळशी पुन्हा माळ्यावर टाकू नका.

सरकारी कागदांबद्दल थोडक्यात, कारण मिळकतही थोडीच. गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, बापाचं नाव असतं, मूल मुलगा की मुलगी ते असतं. बाळाचं नाव बऱ्याचदा नसतंच, बारशाआधी नोंद होई. जुन्या दस्तांत बाई ‘अमुक कोम तमुक’ म्हणून उभी असते, आणि तो तमुक नवरा असतो. अक्षर मोडी, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. 2023 साली मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने अख्ख्या मराठवाड्याने या वह्या धुंडाळल्या. सगळे पणजोबांची नोंद शोधत होते, कारण जात बापाकडून येते. पणजीची ओळ त्याच पानावर असली तरी बोट खाली सरकलं.

शाळेचा दाखला मिळाला तर उत्तम, पण त्यासाठी पणजीने लग्नाआधी शाळेत जायला हवं होतं. पुण्यात हुजूरपागा 1884 पासून आहे. तुमची पणजी पुण्याची असेल, बाप हौशी असेल, तर नशीब काढलंत.

नवशिक्यांचे सगळ्यात जास्त दिवस फुकट जातात ते एका गैरसमजापायी: पणजीचं माहेर आपल्याच घरातल्या कागदांत सापडेल. सासरने तिला आपलं नाव देऊन आपली करून घेतली. मागचं नाव जपून ठेवण्याची त्याला गरज नव्हती. तो कागद माहेरच्या घरी आहे. तिच्या भावांनी जमिनीला नावं लावताना बहिणीकडून हक्कसोड घेतलं असेल, तर त्यात ती दोन्ही नावांनी सापडू शकते: कुणाची मुलगी, कुणाची बायको, आणि खाली डाव्या हाताचा अंगठा. हक्क सोडताना तिचं नाव पूर्ण लिहावंच लागलं. भिड्यांचा कुलवृत्तांत असेल तर त्यात ‘कन्या’ या शब्दापुढे कंसात कोणत्या घरी दिली ते बघा, गाडगिळांच्यातही बघा. छापलेल्या कुलवृत्तांतावर आंधळा विश्वास मात्र नको. माहिती घराघरांतून मागवलेली असे आणि कळवणारा कुणाचा तरी काकाच असे.

संशयित माहेराशी बोलणी करताना पहिल्याच वाक्यात जमिनीचा काही संबंध नाही हे सांगा. 2005 साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क मिळाला, तेव्हापासून अनोळखी नातेवाइकाचा फोन आला की लोक आधी वकिलाला विचारतात.

निकाल लागलाच तर तो जाहीर कसा करावा याचेही संकेत आहेत. लग्नकार्यात करू नये. व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच नाही. हरलेल्या पक्षाच्या घरी स्वतः जावं, हक्कसोडाची झेरॉक्स दाखवावी, आणि ‘तुमच्या सांगण्यात तथ्य होतंच’ असं म्हणावं. निकाल लागला नाही तर चौकटीत दोन्ही आडनावं लिहा, प्रत्येकापुढे कोण सांगतं ते लिहा, तारीख घाला. एकच लिहून दुसरं खोडलंत की पुढच्या पिढीला वाद होता हेसुद्धा कळणार नाही.

आणि एखाद्या दुपारी अनोळखी नंबरवरून कुणी विचारील, ‘आमची यमूआत्या तुमच्याकडे दिली होती म्हणतात, तिचं सासरचं नाव काय ठेवलं होतं हो?’ तिकडेही वंशावळ चालू असते आणि तिकडेही एका चौकटीवरून भांडण असतं. जमिनीचं आहे का असं विचारू नका. सगळं सांगा, कळशीचा फोटो पाठवा, आणि ‘ग. वि. भ.’ म्हणजे कोण ते तेवढं त्यांच्याकडून लिहून घ्या.