आखेनकर

पणजोबांनी संगमेश्वर सोडलं तरी आडनाव संगमेश्वरकरच राहतं. गाव सुटतं, 'कर' सुटत नाही. त्याच न्यायाने पुण्यात सध्या आखेनकर नावाचं एक नवं कूळ वाढतं आहे. जर्मनीत एमएस केलेला, तिथे दोन-तीन वर्षं नोकरी करून परतलेला हा गृहस्थ मूळचा सांगलीचा असो नाहीतर चिंचवडचा, उठता-बसता "आमच्या आखेनला" म्हणाला की ओळखावं. या कुळात स्टुटगार्टकर आणि ड्रेस्डेनकरही येतात, लक्षणं तीच. 'आखेन'मधला ख घशाच्या तळातून काढायचा असतो. समोरच्याने तो आपला साधा, खडूतला ख काढला की आखेनकर लगेच दुरुस्त करतो. त्याची आजी मात्र शेजारणींना अजून सांगते, "आमचा आखातात होता."

कूळ लहान नाही. २०२३-२४ मध्ये जर्मनीत शिकणारे भारतीय विद्यार्थी ४९ हजारांवर गेले. त्याच्या आदल्या वर्षीच चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय पहिले झाले होते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही, हे आखेनकरच्या बाबांना फार आवडलं होतं. मग 'ब्लॉक्ड अकाउंट' नावाचा प्रकार कळला. वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच तिथल्या खात्यात भरायची; २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो आहे. त्यातून महिन्याला ९९२ युरोच सुटतात. स्वतःच्याच पैशांची एक तारखेला वाट बघत बसण्याचा हा अनुभव बाबांना पगारदार म्हणून ओळखीचा होता, मुलाला नवा होता.

घरी असताना माणूस मित्र निवडतो. परदेशात मित्र वसतिगृहाच्या ऑफिसातून वाटून मिळतात. आखेनकरच्या वाट्याला एक स्वयंपाकघर आणि पाच माणसं आली. लाहोरचा एक, तेहरानची एक, कोइमतूरचा एक, एक अस्सल जर्मन, आणि एक वाकडचा. यातला वाकडचा त्याला सगळ्यात खटकला. इतके पैसे भरून, इतकी विमानं बदलून शेवटी वाकडच? शिवाय तो "मी पण पुण्याचाच" म्हणाला होता. आखेनकर कोथरूडचा. वाकडला पुणे म्हणावं की नाही हा प्रश्न त्याच्या घरी तेव्हा निकालात निघाला नव्हता.

तो कुकरने निकालात काढला. तेवीस किलोंच्या बॅगेत आईने तीन लिटरचा कुकर घातला होता आणि जागा वाया जाऊ नये म्हणून कुकरच्या पोटात गोडा मसाला भरला होता. पहिल्या रविवारी पहिली शिट्टी झाली तेव्हा जर्मन मुलगा अनवाणी बाहेर धावला. मोहरी तडतडल्यावर धुराचा अलार्म वाजला, तेव्हा पूर्ण मजला बाहेर आला. तिथे रविवारी दुकानं बंद असतात आणि आवाज करणं असभ्य समजतात, त्यामुळे ही घटना इमारतीच्या इतिहासात नोंदली गेली. डिसेंबरपर्यंत मात्र मजल्यावरच्या प्रत्येकाला तीन शिट्ट्या म्हणजे वरण आणि सहा म्हणजे छोले, एवढं व्याकरण पाठ झालं होतं. गोड्या मसाल्याचा वास आल्यावर वाकडकर जो खुर्चीत बसला तो दोन वर्षं उठला नाही.

लाहोरकराशी मैत्री क्रिकेटने केली आणि क्रिकेटनेच दर वेळी तोडली. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी दोघांचं बोलणं बंद. पण सामना दाखवणारं सबस्क्रिप्शन एकच, लॅपटॉपही एकच, त्यामुळे अबोला मांडीला मांडी लावून पाळावा लागे. तेहरानच्या मुलीला आखेनकरने एकदा कौतुकाने इराणी चहा करून पाजला. दूध बघून ती थक्क झाली. इराणात चहा काळाच पितात, साखरेचा खडा दातांत धरून. बनमस्का तर तिने नावानेही ऐकला नव्हता. कॅम्पातल्या हॉटेलांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला काय पाजलं, या विषयावर त्या रात्री दोन वाजेपर्यंत चर्चा झाली. भाषेत मात्र दोघांची गाठ पडली. हजार, जमीन, बाग हे शब्द दोघांनाही घरचेच निघाले.

जर्मन मुलाचं प्रकरण लांबलं. आपल्याकडे गाडीत शेजारी बसून शेंगदाणे वाटून घेतलेला माणूसही उतरताना 'आपला मित्रच' होतो. जर्मन भाषेत 'बेकान्टर' म्हणजे ओळखीचा आणि 'फ्रॉइंट' म्हणजे मित्र, आणि मधली भिंत भक्कम. तो रोज कुकरमधलं वरण खाई, फ्रिजवरच्या साफसफाईच्या वेळापत्रकात आखेनकरची पाळी चुकली की न रागावता बोट दाखवी, आणि घरी फोनवर त्याचा उल्लेख 'ओळखीचा' असाच करी. आठव्या महिन्यात एकदा 'फ्रॉइंट' म्हणाला. आखेनकरने ही बातमी पुण्याला कळवली. आईला वाटलं नोकरी लागली.

त्यानंतर सगळे मिळून 'तीन देशांचा डोंगर' चढले. आखेनच्या सीमेवर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स जिथे भेटतात ते हे ठिकाण, उंची ३२२ मीटर. डचांना तो मोठा डोंगर वाटतो. पुणं सपाटीवरच सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे सिंहगड चढून पिठलं-भाकरी खाल्लेल्या दोघा पुणेकरांना हसू आवरेना. पण तिथे एका देशात उभं राहून दुसऱ्या देशात पाय टाकता येतो आणि कुणी काही विचारत नाही. लाहोरकर बराच वेळ तेच करत राहिला. मग सगळ्यांनी मिळून एक फोटो काढला.

असा फोटो काढण्यात आखेनकर काही पहिला नव्हे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात १८८५ मध्ये काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. आजची विद्यापीठं माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठासाठी असा फोटो मुद्दाम जमवून आणतात. रूममेटचा विषय निघाला तर नवल भथेनांपर्यंत जायला हवं. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये हे पारशी गृहस्थ त्यांच्याबरोबर राहत होते. ती मैत्री जन्मभर टिकली. १९२० मध्ये बाबासाहेब अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा भथेनांनी त्यांना पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. आखेनकर हा दाखला आवडीने देतो. वाकडकर त्याला आठवण करून देतो की २०२३ च्या मार्चमध्ये घेतलेले चाळीस युरो अजून यायचे आहेत.

मग आखेनकर परत आला.

परतल्यावर त्याने घरात पहिली सुधारणा कचऱ्यात केली. प्लॅस्टिकचा पिवळा डबा, कागदाचा निळा, ओल्याचा तपकिरी. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या. दारावर कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंना त्याने ही पद्धत समजावून सांगितली. कचरावेचकांनीच उभ्या केलेल्या या संस्थेत त्यांची बरीच वर्षं गेली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, निळ्यात केळाची साल आहे." पाण्याची रिकामी बाटली टाकताना त्याचा हात अजून अडखळतो, कारण तिथे यंत्रात बाटली घातली की पंचवीस सेंट परत मिळतात. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली अशा साठ-सत्तर बाटल्या साठल्यावर आईने भंगारवाल्याला बोलावलं. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मावशीने शुभेच्छा दिल्या तर तो दचकला. जर्मनीत आधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात. मावशी नवस-सायासवाली, तिला भाच्याचं हे वळण पसंत पडलं.

मित्र आता 'कुकर' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये राहतात. तिथलं घड्याळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते तासभर मागे जातं, आणि दर वर्षी त्या दिवशी ठरलेल्या व्हिडिओ कॉलला आखेनकर एकटाच तासभर स्वतःचा चेहरा बघत बसतो. तेहरानची मुलगी म्युनिकला असते, कोइमतूरचा रॉटरडॅमला. दोघांशी आठवड्याला बोलणं होतं.

वाकडकराशी होत नाही. तोही परत आला आहे, हिंजवडीत नोकरीला आहे. आखेनला दोघांमध्ये एक भिंत होती. आता पंधरा-सोळा किलोमीटर आहेत. तिथे सेमिस्टर तिकिटावर सत्तर किलोमीटरवरच्या कोलोनला दोघं नुसता केबाब खायला जात. इथे "एकदा भेटूया रे" हा मजकूर ग्रुपवर चौदा वेळा पडला आहे. प्रत्येक वेळी खाली दोन अंगठे उमटले, एक कोथरूडचा, एक वाकडचा.

शेवटी त्यांना भेटवायला जर्मनाला यावं लागलं. गेल्या जानेवारीत तो पुण्यात आला. फर्ग्युसन रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता भेटायचं ठरलं. पुणे स्टेशनजवळच्या हॉटेलातून तो मेट्रोने डेक्कनला उतरला आणि सहा पंचावन्नला टेबलावर हजर झाला. आखेनकरच्या घराशेजारीही मेट्रो आहे, पण पाहुण्याला नंतर गावभर फिरवायचं म्हणून त्याने गाडी काढली, आणि कर्वे रस्त्यावर ती उभी राहिली. पोचला तेव्हा पावणेआठ वाजले होते. जर्मनाच्या टेबलावर एक आजोबा बसले होते. गर्दीच्या वेळी टेबल वाटून घेण्याच्या पुणेरी रिवाजाप्रमाणे ते न विचारताच बसले होते, आणि एव्हाना त्याला डोसा सांबारात किती बुडवावा हे दाखवत होते. जर्मन उठून उभा राहिला आणि आजोबांकडे हात करून म्हणाला, "माइन फ्रॉइंट."

आठ महिन्यांचा हिशेब मनात करत आखेनकर खुर्चीत बसला. तेवढ्यात ग्रुपवर वाकडकर आला. "विद्यापीठ चौकात आहे. पाच मिनिटांत पोचतो." साडेआठला त्याने पुन्हा तेच लिहिलं, चौकासकट.

खाली लाहोरहून उत्तर आलं, "भाई, मैं निकलूँ? पहले पहुँच जाऊँगा."