अजून गेला नाहीत?

माणसाने निरोप घेतला की जावं. मी ६ मार्च २०२० ला ऑफिसचा निरोप घेतला, ८ तारखेला सोसायटीचा, ९ तारखेला होळीची पुरणपोळी खाऊन सासुरवाडीचा. आणि त्यानंतर एकोणीस महिने डोंबिवलीतच राहिलो.

सोसायटीने शाल-श्रीफळ दिलं होतं. सेक्रेटरी बोलायला उभे राहिले की सहसा पाण्याच्या मोटारीवर बोलतात, त्या दिवशी ते माझ्यावर बोलले. आपल्या बी विंगचा माणूस कायमचा कॅनडात चालला, म्हणाले. 'कायमचा' या शब्दावर टाळ्या पडल्या. त्या नक्की कसल्या होत्या याचा विचार करायला मला पुढे भरपूर वेळ मिळाला.

तो कायमचा कागद काही सहज मिळालेला नव्हता. तिकडे जाणाऱ्याला बाराशेपैकी गुण देतात. वय, शिक्षण, नोकरी, इंग्रजी, सगळ्याला गुण. इंग्रजीत ऐकण्याला आठ हवे होते. हे मी घरात सांगितलं तेव्हा बायको हातातलं काम थांबवून म्हणाली, "तुला? ऐकण्यात? आठ?" मला साडेआठ मिळाले. ते गुणपत्रक मी भांडणात दोन-तीनदा काढून दाखवलंय, उपयोग होत नाही. एकूण गुण ४६८ झाले, बोलावणं आलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये 'कन्फर्मेशन ऑफ पर्मनंट रेसिडेन्स' नावाचा एक कागद हातात पडला. कागद साधा, वर फोटो. खाली सही करायची, पण तिथे उतरल्यावर अधिकाऱ्यासमोर, आधी अजिबात नाही. आणि एका चौकोनात तारीख : २९ ऑगस्ट २०२०.

ही तारीख आली कुठून? तर वैद्यकीय तपासणीतून. २९ ऑगस्ट २०१९ ला आमची छाती, रक्त आणि लघवी कॅनडात राहण्याजोगी ठरली होती. या निर्दोषपणाची मुदत एक वर्ष, म्हणून कागदाचीही तेवढीच. मुदत सहसा वाढवून मिळत नाही. आम्हाला वाढवायची नव्हतीच. तिकीट २५ मार्चचं होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १८ मार्चला कॅनडाने परदेशी माणसांना दार लावलं. २२ मार्चला भारताने आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली. २४ तारखेला रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले आणि आम्ही ते भाषण जमिनीवर बसून, मोबाइलवर बघितलं. कारण टीव्ही विकला होता. सोफाही.

फ्रिज तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना विकला होता. त्यांनी आठ हजार दिले, वर "जाताय म्हणून घासाघीस करत नाही" असंही ऐकवलं. एप्रिल उजाडला, दूध नासायला लागलं, तेव्हा मी पातेलं घेऊन दोन मजले चढलो. काकूंनी दार अर्धवट उघडलं. पातेलं आधी सॅनिटायझरने पुसलं, मग आमच्या फ्रिजमध्ये, आमच्याच फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात कोपऱ्यात ठेवलं. "वरचा कप्पा आमचा हं," म्हणाल्या. ज्या फ्रिजचं दार नीट लागत नाही, खालून गुडघ्याने दाबावं लागतं, हे गुपित जगात फक्त मला माहीत होतं, त्याच्यासमोर मी पाहुण्यासारखा उभा होतो. त्यांना दार लागेना. मी नुसता गुडघा पुढे केला. "अंतर ठेव रे," काकू म्हणाल्या.

घर तरी राहिलं, कारण १ एप्रिलला येणारा भाडेकरू त्याच्या गावी अडकला. त्याचे उपकार. पण रिकाम्या घरात संसार कशावर करायचा? तर बॅगांवर. माणशी दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. हुकाला लटकवायच्या काट्यावर मी प्रत्येक बॅग तोलून बावीस किलो आठशेवर आणून ठेवली होती. दोनशे ग्रॅम काट्याच्या बेइमानीसाठी सोडले होते. लॉकडाऊनच्या तिसऱ्या दिवशी पहिल्या बॅगेतून कुकर निघाला. मग पोळपाट. मग गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ. बायकोच्या आईने टोरंटोच्या थंडीसाठी दिलेले डिंकाचे लाडू आम्ही मे महिन्यात, पंख्याखाली, घाम पुसत खाल्ले. भिंतीवर कॅलेंडर नव्हतं (खिळेसुद्धा काढून भिंती रंगवल्या होत्या), पण दर रविवारी मी बॅगा तोलायचो. जूनअखेर कुकरवाली बॅग अकरा किलोवर आली. थर्मलच्या कपड्यांची मात्र जशीच्या तशी बावीस किलो आठशे. तिच्यावर आम्ही बसायचो.

आणि मग तो प्रश्न. पहिले दोन महिने लोकांना माझं वाईट वाटायचं. नंतर मात्र दुधाच्या रांगेत कोणी भेटला की भुवया वर जायच्या, "अजून गेला नाहीत?" जणू मीच टाळतोय. वॉचमन विचारायचा. केस कापायला घरी येणारा विचारायचा. एकाने तर शांतपणे म्हटलं, "पण मग व्हिसा खराच होता ना?" सोसायटीच्या ग्रुपमधून आम्हाला ८ मार्चलाच समारंभपूर्वक काढलं होतं. भाजीचा टेम्पो कधी येतो हे कळेना म्हणून पुन्हा घ्यायची विनंती केली. त्यावर कमिटीत चर्चा झाली, असं ऐकतो. मेंटेनन्स भरतोय तोवर ठेवू, असं ठरलं.

दरम्यान गंमत अशी झाली होती की ज्यांचा कागद १८ मार्चपर्यंत मंजूर झालाय त्यांनी यायला हरकत नाही, असं कॅनडाने जाहीर केलं. म्हणजे कॅनडा म्हणत होतं या, आणि भारत म्हणत होता उडू नका. मध्ये साधारण साडेबारा हजार किलोमीटर. सरकारने मे महिन्यात 'वंदे भारत' विमानं सुरू केली ती अडकलेल्यांना घरी आणण्यासाठी. आम्ही घरीच अडकलो होतो, त्यासाठी योजना नव्हती.

ऑगस्टमध्ये दोन्ही देशांचं ठरलं आणि दिल्लीहून टोरंटोला विमानं सुटायला लागली. मी २६ ऑगस्टचं तिकीट काढलं. मुदत संपायला तीन दिवस राखून. किंमत सांगत नाही, सासरे वाचतात. २२ ला गणपती आले, घरात तांब्याएवढी मूर्ती, मोदकांना पात्र काकूंचं. २३ ला सकाळी बायको म्हणाली, "उदबत्तीला वास नाही का रे?" मी म्हटलं, आहे की. आणि हुंगून बघितलं.

वास नव्हता.

पुढचे सतरा दिवस घरात बंद. महापालिकेचा माणूस आला आणि दारावर कागद चिकटवून गेला : या घरात विलगीकरण, ८ सप्टेंबरपर्यंत. दाराच्या आत, कपाटात, कॅनडाचा कागद : २९ ऑगस्टपर्यंत. दोन्हींवर शिक्के. एका बाजूने सार्वभौम राष्ट्र, दुसऱ्या बाजूने डिंकाने चिकटवलेला ए-फोर. जिंकला तो ए-फोर. २९ तारखेला रात्री बारापर्यंत आम्ही दोघं वेगवेगळ्या खोल्यांत जागे होतो. बारा वाजता बायकोचा पलीकडच्या खोलीतून मेसेज आला, "संपला." मी अंगठा पाठवला. दुसरं चिन्ह सुचेना.

मग पत्रव्यवहार. मी तिकडच्या खात्याला लिहिलं की कागद संपलाय, माणसं शिल्लक आहेत. यंत्राने एका मिनिटात उत्तर दिलं की तुमचा मजकूर मिळाला, पुन्हा लिहू नका, त्याने उशीर होतो. मी ऐकलं. ऐकण्यात साडेआठ. चार महिने गप्प बसलो आणि रोज इनबॉक्स उघडत राहिलो.

१३ फेब्रुवारी २०२१ ची गोष्ट तेवढी सांगितलीच पाहिजे. बाहेरून माणसं येत नव्हती म्हणून कॅनडाने आधीच तिथे राहून काम करणाऱ्यांसाठी गुणांची अट खाली आणली. किती? पंच्याहत्तर. बाराशेपैकी. एका दिवसात २७,३३२ जणांना बोलावणं. मला कुणाचं वाईट चिंतायचं नाही, पण मी ४६८ साठी पस्तिसाव्या वर्षी पहाटे उठून निबंध लिहिलेत. पंच्याहत्तर गुण मला नुसत्या लग्नाच्या अनुभवाचे मिळायला हवेत.

मार्चमध्ये पत्र आलं : पुन्हा तपासणी करा, पोलिसांचा दाखला नवा आणा. दाखल्यासाठी गेलो तर समोरच्या हवालदारांनी जुना कागद बघितला, मला बघितलं, आणि... हो, तेच विचारलं. तपासणीची वेळ मुंबईत सकाळी अकराची. तेव्हा लोकलमध्ये सामान्य माणसाला पहाटे सातच्या आत, दुपारी बारा ते चार, किंवा रात्री नऊनंतरच प्रवेश होता. म्हणून सहा अठराची धीमी पकडून आम्ही साडेसातला पोचलो आणि साडेतीन तास एका बंद चहाच्या टपरीसमोर उपाशी उभे राहिलो. रक्तदाब थोडा वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, प्रवासाचा असेल. मी म्हटलं, कुठल्या?

नवा कागद २० एप्रिलला आला. २२ एप्रिलला कॅनडाने भारतातून येणारी विमानं बंद केली.

या वेळी मी कुणाला काही सांगितलंच नाही. लोक मेक्सिकोवरून, सर्बियावरून, मालदीववरून निघाले होते. तिसऱ्या देशात उतरायचं, तिथे चाचणी करायची, मग पुढे. एका एजंटने कैरोमार्गे पॅकेज सांगितलं, पिरॅमिड धरून. सासूबाईंनी पत्रिका काढली. परदेशगमन स्पष्ट होतं, व्हाया दिलेलं नव्हतं. आम्ही थांबलो. लशीचे दोन डोस घेतले, मध्ये चौऱ्याऐंशी दिवस. बॅगा पुन्हा भरल्या. कुकर नवा घेतला, जुना इतका वापरून झाला होता की तो घरचा वाटायला लागला होता.

२७ सप्टेंबरला विमानं पुन्हा सुरू झाली आणि ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी आम्ही निघालो. समारंभ झाला नाही. शाल एकदाच मिळते, ती मी मधल्या काळात ताप असताना पांघरली होती. नारळाची चटणी तर एप्रिल २०२० लाच झाली. सेक्रेटरी गॅलरीतून म्हणाले, "पोचल्यावर फोटो टाका, मगच ग्रुपमधून काढतो." काकू खाली आल्या. म्हणाल्या, "फ्रिजचं दार लागत नाही रे, काय करायचं सांगून जा." मी गुडघा दाखवला.

दिल्लीला विमानतळावरच चाचणी होती, सुटण्याआधीच्या अठरा तासांतली. ती झाली, नकारार्थी आली, आणि काउंटरवरच्या मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला, बॅगा तुम्ही स्वतःच भरल्यात का आणि कधी? मी काही बोलायच्या आत बायकोने थर्मलच्या बॅगेकडे बोट दाखवून सांगितलं, "ही मार्च २०२० मध्ये." काट्यावर ती बावीस किलो आठशेच भरली.

टोरंटोला अधिकाऱ्याने सही करायला पेन दिलं, ते चालेना, त्याने दुसरं दिलं. चार मिनिटांत काम झालं.

सोसायटीच्या ग्रुपमधून मात्र आम्हाला अजून कोणी काढलेलं नाही. फोटो दोनदा टाकला, त्याखाली एकाने "अरे वा, गेलात का शेवटी" लिहिलं आणि विषय पार्किंगवर गेला. परवा रात्री झोपेत मेसेज वाचला की उद्या सकाळी पाणी येणार नाही. उठलो आणि बादली भरून ठेवली. सकाळी बायकोने विचारलं, ही कशाला? बाहेर उणे अकरा होतं, नळाला पाणी धो धो येत होतं, आणि बी विंगचा टँकर, ग्रुपवर बघितलं तर, वीस मिनिटं उशिरा आला होता.